बँकॉकला ऑपरेशनला जाताना बॅगेत काय भरलं आणि काय काढून ठेवलं

दुसऱ्या बाळंतपणानंतर पोटाचे मधले स्नायू फाकले होते ते व्यायामाने पूर्ण जागेवर आलेच नाहीत, आणि खाली कातडीचा घोळ लोंबायचा तो वेगळाच, म्हणून टमी टक, म्हणजे पोटाची जादा कातडी काढून स्नायू शिवून घट्ट करायचं ऑपरेशन, करायचं ठरवलं. बँकॉक अशासाठी की नणंद तिथे राहते. शेजारच्या काकी म्हणाल्याच, "एवढ्या लांब कित्याक जातस गो, हय काय डॉक्टर नाय?" आहेत की, मुंबईत आहेत, गोव्यात आहेत, पण ऑपरेशननंतर उठवायला बसवायला घरचं माणूस हवं आणि ते आमच्याकडे तिथेच होतं.

तर पॅकिंग. जाताना आपण धडधाकट असतो, बॅग ओढतो, जिने चढतो. येताना कमरेत वाकून चालायचं, जड काही उचलायचं नाही, खोकला आला तरी पोटाशी उशी धरायची. सगळी बॅग त्या येणाऱ्या बाईसाठी भरायची, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे कपडे आपोआप कपाटात परत जातात. जीन्स गेली, लेगिंग गेली, डोक्यावरून घालायचे कुडते गेले. उरले ते समोरून पूर्ण बटणं असलेले ढगळ गाऊन आणि लेस न बांधता पाय सरकवता येतील अशा चपला.

गाऊनचं जरा सविस्तर सांगते कारण हे कोणी सांगत नाही. या ऑपरेशननंतर बऱ्याचदा जखमेतलं रक्त-पाणी बाहेर यायला पोटाच्या खालच्या बाजूला बारीक नळ्या ठेवतात, त्याला ड्रेन म्हणतात, टोकाला मुठीत मावेल असा प्लास्टिकचा फुगा असतो. तो फुगा लोंबत राहिला तर नळी ओढली जाते आणि टाक्याशी कळ येते. मी बाजारातल्या शिवणवाल्या ताईंकडून प्रत्येक गाऊनला आतून, मांडीच्या थोडं वर, दोन्ही बाजूंना सुती खिसे लावून घेतले. त्या म्हणाल्या मोबाईल आतून कशाला ठेवतेस, मी म्हटलं चोरीची भीती वाटते. संपला विषय, गावभर चर्चा नको होती. पण ते खिसे असे काही कामाला आले म्हणून सांगू, तिथल्या नर्सने उलटसुलट करून बघितले.

पोटाचा पट्टा हॉस्पिटलने दिला पण एकच, तो धुतला की वाळेपर्यंत काय करणार, म्हणून मापाचा दुसरा लागतोच. त्याच्या आत घालायला बिनशिवणीच्या सुती बनियन न्या, नाहीतर वळ उठतात. सुरुवातीला आंघोळ नाही म्हणून ओले वाइप्स, वाकडी होणारी स्ट्रॉ, लांब वायरीचा चार्जर (प्लग पलंगाच्या मागे कुठेतरी असतो आणि आपल्याला वळता येत नाही), आणि इसबगोल. हसू नका, दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि टाके असताना कुंथणं म्हणजे काय ते नंतर कळतं. अर्थात इसबगोलही सर्जनला विचारूनच घेतलं.

गोळ्यांचं म्हणाल तर ऑपरेशनच्या आधी काय काय खाता ते सगळं लिहून द्यायला सांगतात, त्यात आयुर्वेदिक काढे, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई पण आलं, कारण यातल्या काहींनी रक्त जास्त वाहू शकतं. ऍस्पिरिनचं तर नक्कीच विचारायचं. गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, त्याही सांगायच्या. रोजची औषधं मूळ स्ट्रिपमधेच, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत.

आता सासूबाईंची पिशवी. त्यांनी उकडे तांदूळ, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, लोणचं, कोकमाच्या आगळाची बाटली असं सगळं काढून ठेवलं होतं. नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, इथे भाताला काय तोटा आहे, तांदूळ कसले आणतेस." खोबरं विमानात चालत नाही, त्यात तेल एवढं असतं की ते पेट घेणाऱ्या मालात धरतात. सासूबाईंना हे पटेना, "जन्मभर डब्यात ठेवतंय, कधी पेटलं नाय." लोणचं मीच काढलं, मिठाने सूज वाढते म्हणून मला खारट बंद होतं. आगळ तेवढा नेला, दोन पिशव्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत, कारण हातातल्या बॅगेत 100 मिलीच्या वरची बाटली चालत नाही. आणि पेजेचं म्हणाल तर तिकडे सकाळी 'जोक' नावाची तांदळाची पेजच मिळते, आलं घातलेली. पहिल्या चमच्याला बरं वाटलं.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड 1 मे 2025 पासून ऑनलाइन भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, आणि ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका.

परतीचं तिकीट मात्र घाईचं काढू नका. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा टमी टकनंतर विमानाआधी 7 ते 10 दिवस थांबा म्हणते, माझ्या सर्जनने त्याहून जास्त थांबवलं. विमानात पायाला घट्ट मोजे, मधूनमधून उठून चालणं, एअरपोर्टवर व्हीलचेअर आधीच सांगून ठेवलेली, लाजायचं नाही. मुंबईहून पुढे गाडीने यायचा विचारच सोडला, हायवेवरचे खड्डे टाक्यांना परवडणारे नाहीत. कोकणात येणाऱ्या तुतारी एक्सप्रेसची खालची बर्थ, रिझर्वेशन उघडल्या दिवशी काढलेली, बॅग नवऱ्याच्या हातात.

शेवटची वस्तू म्हणजे फाईल. साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समधे ठरवून केलेलं असं ऑपरेशन आणि त्यातून उद्भवणारं दुखणं सहसा बसत नाही, म्हणून निघायच्या आधीच गोव्यातल्या एका सर्जनला भेटून विचारलं होतं की आल्यावर बघाल का, सगळेच दुसऱ्याची केस हातात घेत नाहीत. डिस्चार्ज समरी, ऑपरेशन नोट, दिलेल्या औषधांची नावं, सगळं इंग्रजीत लिहून मागितलं. परत आल्यावर एका बाजूला टाक्याजवळ लाल झालं तेव्हा त्यांनी आधी फाईल वाचली, कुठलं अँटिबायोटिक चालू होतं ते पाहिलं, आणि मग पट्टा सोडायला सांगितला.