चेटकिणीसोबत एक दुपार

आज केपटाउनच्या लायब्ररीत ‘दी हेक्स’ वाचलं, ओठ हलवत, शब्दकोश मांडीवर घेऊन. सी. लुई लाइपोल्ट यांचं १९२३ सालचं नाटक, आफ्रिकान्समधलं, म्हणजे डचमधून घडलेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या भाषेतलं. पेशाने मुलांचे डॉक्टर, वृत्तीने कवी! चेटकीण ठरवलेली बाई, निवाडा करणारा कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चचा बडा धर्मगुरू, आणि ती त्याचीच जुनी प्रेयसी निघते... तिथे पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

या भाषेला अधिकृत दर्जा मिळाला १९२५ मध्ये. व्यावसायिक फिरत्या मंडळ्याही साधारण तेव्हाच्याच. त्याआधी ही रंगभूमी जगवली ती हौशी लोकांनी, गावोगावच्या वादविवाद मंडळांनी. एकांकिकांच्या तालमींत वाढलेय मी. ते सभागृह, ती घाई, तो पहिल्या प्रवेशाआधीचा घाम मला दिसतच होता.

उद्या पुन्हा जाणार. कार्डिनलचे संवाद मोठ्याने वाचायचेत.