मारबतीच्या दिवशीचं टॉर्शन

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे नागपुरात मारबत. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे गावाबाहेर नेऊन जाळायचे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघाली की महाल-इतवारीत गाडी घालायची सोय नसते, म्हणून त्या दिवशी मी ठरवून कुठलंही ऑपरेशन ठेवत नाही. नेमका तेव्हाच सकाळी साडेनऊला उमरेडकडचा 13 वर्षांचा मुलगा आला. पहाटे पाचला कळ आली, मग दोन उलट्या. गावातल्या डॉक्टरांनी पोटदुखीचं इंजेक्शन दिलं होतं. "काल पुरणपोळ्या जास्त झाल्या त्याले," बाप म्हणाला.

पोट मऊ होतं. पोरगा मात्र मांड्या आवळून, वाकून बसलेला. मुलगा पोटदुखी घेऊन आला की चड्डी उतरवून बघितल्याशिवाय मी त्याला सोडत नाही. या वयातली पोरं तिथलं दुखणं आईसमोर सांगतील तर शपथ! आईला बाहेर बसवलं, तेव्हा पुटपुटला, "खाली दुखते."

डावी गोटी वर चढून आडवी झालेली, हात लावू देईना. मांडीच्या आतल्या बाजूला बोट ओढलं की त्या बाजूची गोटी चटकन वर सरकते. उजवीकडे सरकली, डावीकडे हललीच नाही. टॉर्शन. टेस्टिस, म्हणजे ही गोटी, ज्या दोरीला लटकते तिलाच पीळ बसतो. आधी रक्त परतायचं थांबतं, सूज चढते, मग आत यायचंही बंद. सहा तासांत पीळ सुटला तर टेस्टिस बहुतेक वाचते, चोवीस तास उलटले की क्वचितच. इथे साडेचार तास गेलेच होते.

ज्युनियरने विचारलं, "सर, डॉप्लर करून घेऊ?" म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. शंका असती तर केला असता. शंका नसताना सोनोग्राफीच्या रांगेत टेस्टिस घालवण्यात काय शहाणपण?

भूल देणाऱ्या मॅडम चितार ओळीत राहतात. मिरवणुकीमुळे गाडी निघेना, तशा त्या गांधीसागरपर्यंत पायी आल्या आणि तिथून आमच्या ब्रदरच्या बाइकवर. पोटात पुरण असण्याची भीती होतीच. पण पोट रिकामं व्हायची वाट बघण्याइतका वेळ नव्हता. भरल्या पोटाची खबरदारी घेऊन त्यांनी भूल दिली.

त्याआधी सहीपाशी बाप अडला. "चांगली हाय तिले काहून हात लावता?" प्रश्न रास्त होता. पण आतली पकड जन्मतःच सैल असते, आणि बहुधा दोन्हीकडे. आज डावी फिरली, उद्या उजवी फिरेल. म्हणून उजवीही टाके घालून बसवायची. "म्हणजे उरलेलीबी जाऊ शकते?" म्हणाला, आणि सही केली.

उघडल्यावर टेस्टिस काळीनिळी. दीड वेढा होता. सोडवली, गरम सलाइनच्या गॉजमध्ये गुंडाळली आणि ती बाजूला ठेवून आधी उजवीचे टाके घातले. त्या वेळात घड्याळाकडे बघायचं नाही, असा माझा नियम आहे. कुणी पाळत नाही. गॉज काढला तर एका कडेने गुलाबी रंग धरत होता. काढून न टाकता ठेवली.

संध्याकाळी मुलाने पहिलं विचारलं ते गणपतीतल्या लेझमाचं. यंदा नाही, म्हटल्यावर रुसला.

मग गावातल्या डॉक्टरांना फोन लावला. रागावतील असं वाटलं होतं. ते मात्र मांडीवर बोट नेमकं कुठून कुठे ओढायचं, हेच दोनदा विचारून घेत होते.