निळ्या इंधनाखालचा थेंब
आजचं उड्डाण रद्द केलं. विमान रात्रभर पावसात उघड्यावर, टाक्या अर्ध्याच भरलेल्या. सकाळी डाव्या पंखाखालून इंधनाचा नमुना काढला, तर निळ्या १००एलएलच्या, म्हणजे छोट्या विमानांच्या पेट्रोलच्या, तळाशी पाण्याचा टपोरा थेंब! पाणी जड, त्यामुळे खालीच बसतं. पाचव्या नमुन्यातही तेच. टाकीच्या झाकणाचं रबर चिरलं होतं.

खरी फसगत वेगळीच असते. अख्खा नमुना पाण्याचाच निघाला तर थेंब दिसतच नाही, आणि घाईत वाटतं, वा, किती स्वच्छ! म्हणून मी तो पांढऱ्या कागदासमोर धरून निळा रंग शोधतो, वासही घेतो.

सोबत येणारा मित्र हिरमुसला. मीही, खोटं कशाला बोलू? मेकॅनिक उद्या येतोय.