शेवरलेटचं हेड कापून घेताना आलेला माझा अनुभव

आजोबांची १९४७ ची शेवरलेट फ्लीटमास्टर आहे आमच्याकडं, निपाणीला तंबाखूचा व्यापार होता तेव्हाची. २१६ क्यूबिक इंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन, सगळे एका लाइनीत. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली हवा-पेट्रोल कितीपट दाबली जाते ते, मूळचं ६.५. त्या काळच्या हलक्या पेट्रोलसाठी ते ठीक होतं, आजचं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनच्या वरचं असतंय, म्हणून हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खालून कापून ७.२ पर्यंत न्यायचं ठरवलं; हेडमधली पेट्रोल पेटायची पोकळी, म्हणजे चेंबर, लहान झाली की कॉम्प्रेशन वाढतं. त्याच्या पुढं जायचं नाही हे पक्कं होतं, कारण या इंजिनात कनेक्टिंग रॉडला बेअरिंग म्हणून ओतलेलं मऊ व्हाइट मेटल आहे आणि त्याला ऑइल शिंतोड्यानं मिळतं, जोर वाढवला की पहिला मार तिथंच बसतो.

हेड उतरवणं, कार्बन काढणं, व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह जागेवर घासून नीट बसवणं) हे सगळं एका रविवारात झालं. मग हेड फेसिंगला, म्हणजे तळ सपाट कापायला, टाकलं मशीन शॉपमध्ये आणि तिथं पाच आठवडे गेले. पाच आठवडे! दर सोमवारी मी कामावरून सुटून बेळगावच्या उद्यमबागेत जायचो, दारातला पोरगा "नाळे बर्री" (उद्या या) म्हणायचा, दुसऱ्या दिवशी गेलं की मालक नाहीत, मालक असले की मशीनचा घासायचा दगड बदलायचाय, दगड बदलला की ट्रॅक्टरची हेडं आधी कारण हंगाम आहे. शेतकऱ्याचं काम आधी व्हावं हे मलाही पटतं, पण मग पहिल्याच दिवशी सांगायचं होतं, मी कोल्हापूरला नेलं असतं.

शेवटी हेड मिळालं. आरशासारखं चमकत होतं, मी खूश होऊन पैसे देऊन घरी आणलं. हीच चूक. तिथंच व्हर्नियर लावून चारी कोपऱ्यांची जाडी बघायला हवी होती. २.२ मिमी कापा म्हणून कागदावर लिहून दिलेलं, सहाव्या सिलिंडरकडं बरोबर २.२ निघालेलं आणि पहिल्याकडं २.९! हेड तिरकं बांधून कापलेलं. परत नेलं तर म्हणाले, एवढ्यानं काय होतंय, गॅस्केट घेतं की सगळं.

घेत नाही. वहिनी हायस्कूलात सायन्स शिकवतात, त्यांनी ब्युरेट, द्रव मोजून सोडायची काचेची नळी, आणून दिली. नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून अ‍ॅक्रिलिकचा तुकडा घेतला, त्याला भोक पाडलं, चेंबरच्या कडेनं ग्रीस लावून तो चिकटवला, प्लग आणि व्हॉल्व्ह जागेवर बसवले आणि भोकातून डिझेल सोडत गेलो. हेड जरा कलतं ठेवायचं, नाहीतर बुडबुडा अडकतो आणि माप चुकतं. पहिल्या आणि सहाव्या चेंबरमध्ये ४ सीसीचा फरक. एका सिलिंडरचं माप ५९१ सीसी, म्हणजे एकाला जवळपास ७.५ आणि एकाला ७.२, असं इंजिन एकसारखं चालणार कसं?

परत कापून घ्यायची माझी हिंमत नव्हती. त्यापेक्षा लहान चेंबर मोठ्या केल्या, सगळ्या सहाव्याच्या मापाला. ग्राइंडर घेऊन व्हॉल्व्हच्या बाजूची भिंत थोडी थोडी मागं सारली, त्यानं हवेलाही वाट मोकळी होते. व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटला धक्का लागू नये म्हणून जुने व्हॉल्व्ह घातलेले. ४ सीसी बीड (ओतीव लोखंड) म्हणजे २९ ग्रॅमच्या आसपास, पण चार संध्याकाळी गेल्या, कारण पलीकडं पाण्याचं जॅकेट आहे आणि घाई केली तर हेडच जातं. दर थोड्या वेळानं परत डिझेल ओतून माप. टोकदार कडा सगळ्या पॉलिश करून गोल केल्या, त्या तापून लाल होतात आणि नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठोठो) तिथनंच सुरू होतं. सहाही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत आल्या त्या रात्री मी जेवायचंच विसरलो होतो.

हो, एक राहिलं. हेड कापलं की व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर असतात तो रॉकर शाफ्ट तेवढा खाली येतो, टॅपेटचे स्क्रू पुरत नाहीत, स्टँडखाली पट्ट्या घालायला लागतात. आणि इंजिन एकदा गरम करून हेडचे बोल्ट परत आवळायचे. गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) आणि रबरी पाइपही नवीन घ्या, पेट्रोलमध्ये आता इथनॉल असतंय, आपल्याच भागातल्या उसाचं, पण जुन्या रबराला ते चालत नाही.

गेल्या रविवारी बाबांना शेजारी बसवून तवंदी घाट चढलो. जिथं कायम सेकंड घ्यायला लागायचा तिथं गाडी टॉपमध्येच गेली. बाबांनी एकदा गिअरकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि खिडकीची काच खाली केली आवाज ऐकायला.