बाईंचा दुसरा हजेरीपट

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या असा व्हॉट्सॲपवर मेसेज आला तेव्हा मी शॉपमध्ये होतो, लेथवर जॉब चढवलेला, हात ऑइलने माखलेले, तसाच अंगठ्याने 'हो देतो' टाकून मोकळा झालो. रात्री लिहायला बसलो तर कळलं की शाळेबद्दल मला काही लिहिताच येत नाही. आठवतं सगळं, दगडी इमारत, बोर्डिंगची घंटा, पहाटे पंपावरची बादल्यांची रांग, पण जे आठवायला जावं त्याच्या कोपऱ्यात बाई उभ्या. त्यामुळे संपादक मंडळाने माफ करावं, हे शाळेवर नाही, बाईंवर आहे. बाकीच्या सरांवर बाकीचे लिहितीलच.

बाई म्हणजे कोण हे सांगायची गरज नाही. आपल्या शाळेत बाई पुष्कळ होत्या पण त्या सगळ्यांना आडनाव लावावं लागायचं, नुसत्या 'बाई' एकच. गणित शिकवायच्या, सकाळी बायबलचा तासही त्याच घ्यायच्या, आणि दोन्हीत फारसा फरक करायच्या नाहीत. योसेफ किती वर्षांचा असताना भावांनी विकला? सतरा. फारोपुढे उभा राहिला तेव्हा? तीस. मग फळ्यावर तीस वजा सतरा, बरोबर तेरा, आणि त्या तेराभोवती गोल. "आता ह्या तेरा वर्षांत देव योसेफाशी एकदा तरी बोलल्याचं शोधून दाखवा, एक रुपया देते." आम्ही रविवारभर पानं उलटली. रुपया कुणालाच मिळाला नाही. परमेश्वर त्याच्याबरोबर होता एवढंच लिहिलंय, बोलला असं कुठे नाही. अब्राहामाचं पण तसंच, पंचाहत्तराव्या वर्षी घर सोडलं, इसहाक झाला शंभराव्या वर्षी, वजाबाकी पंचवीस. आणि त्या पंचवीसात अब्राहाम आणि त्याची बायको सारा यांनी मुलासाठी घाई करून दासी हागारेचा जो घोळ घातला तो बाई अगदी गल्लीतली भानगड सांगावी तसा सांगायच्या.

आता मुख्य गोष्ट. ती तशी काहीच नाही, शाळेच्या इतिहासात तिची नोंद व्हावी असं काही तिच्यात नाही, पण मला हीच सांगायचीय.

माझे वडील मुंबईला गिरणीत होते. आम्ही नेवासा तालुक्यातले, कोरडवाहू दोन एकर, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि मला पाचवीत इथे बोर्डिंगला टाकलेलं. वडलांची मनीऑर्डर यायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार घरी बसले, आणि आम्हाला पोरांना त्यातलं एवढंच कळलं की मनीऑर्डर आली नाही. आधी पत्रं येत होती, थोडं थांबा, मिटेल. संप काही मिटला नाही, म्हणजे तो अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही, आणि आमच्या घरापुरतं बोलायचं तर १९८३ च्या गणपतीतलं एक इनलँड लेटर, त्यानंतर वडलांचा पत्ता नाही. आई एकदा मुंबईला जाऊन आली. ज्या खोलीत ते राहायचे तिथे दुसरीच माणसं.

मी कुणाला बोललो नाही. बाईंना कसं कळलं मला आजपर्यंत माहीत नाही.

नववीत असताना, ऑगस्ट १९८४, बाई चष्मा घरी विसरल्या आणि मला आणायला पाठवलं. कंपाउंडातलं त्यांचं घर, पुढे जाई, आत टेबलावर चष्मा, आणि चष्म्याखाली हजेरीपट. आपला नेहमीचा तसाच, निळ्या पुठ्ठ्याचा, लाल कापडी पाठीचा. वर्गाचा हजेरीपट तर वर्गात होता, मग हा कुठला म्हणून मी उघडला. (उघडायला नको होता, मान्य.) डाव्या बाजूला आमचेच रोल नंबर, पण नावाच्या जागी भलतंच काहीतरी. ७ – आईचे डोळे. १५ – इंग्रजी, भीती. २३ – वडील. तेवीस मी. पुढे महिन्याच्या एकतीस चौकटी, त्यात बारीक अक्षरात ह, ह, ह, आणि मध्येच लाल पेनाने गै. माझ्या ओळीत नऊ आणि दहा तारखेला दोन गै.

माझं डोकंच फिरलं. बोर्डिंगचा पोरगा गैरहजर राहणार कुठून, शंभर टक्के हजेरीचं कंपासचं बक्षीस त्या वर्षी मला मिळणार हे ठरलेलं, आणि इथे दोन लाल गै. वडलांचं वाचून काही वाटायच्या आधी मला कंपासचं वाटलं, हे आज लिहिताना लाज वाटते पण खरं तेच आहे.

मधल्या सुट्टीत गेलो आणि भांडलोच. "बाई, नऊ तारखेला मी होतो, दहाला पण होतो, दहाला तुम्ही मला फळ्यावर प्रमेय सोडवायला लावलं होतं." बाई आधी भडकल्या, दुसऱ्याची वही उघडतोस म्हणून कान धरला. मग कान सोडला आणि पायरीवर बसल्या. डब्यात मेथीची भाजी होती, अर्धी भाकरी माझ्या हातात दिली.

"ती तुझी गैरहजेरी नाही रे. माझी आहे."

मला कळेना.

"नऊ तारखेला माझं डोकं उठलं होतं, दहाला पेपर तपासत बसले. तुझ्या वडलांसाठी मी त्या दोन दिवशी देवापुढे उभीच राहिले नाही. मीच हजर नाही तर त्याला कुठल्या तोंडाने विचारू, तू काय करतोयस म्हणून?"

मी भाकरी खाल्ली. मग चौदा वर्षांच्या पोराला जे सुचतं ते विचारलं, की बाई ह्यात उत्तराचा रकाना कुठाय.

बाई हसल्या. "हजेरीपटात निकाल लिहितात का? निकालाचं रजिस्टर वेगळं. ते ऑफिसात असतं, माझ्याकडे नाही."

बस, एवढीच गोष्ट.

त्यानंतर मला दोन वर्षं बाईंचा राग यायचा हेही लिहायला पाहिजे, नाहीतर खोटं होईल. मला वाटायचं हे सगळं सोपंय ह्यांना, वहीत ह लिहायचं आणि झालं. बोर्डिंगमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेला मी डोळे उघडे ठेवायचो. बाईंना दिसायचं, कधी बोलल्या नाहीत.

दहावी झाल्यावर, १९८६, मी ठरवलं मुंबईला जायचं, वडलांना शोधायचं, तिकिटाचे पैसे पण जमवले. बाईंनी विचारलं, मुंबईत कुठे? मी म्हणलं, गिरणगावात. कुणाकडे? मी गप्प. आता इथे बऱ्याच लोकांनी सांगितलं असतं की देवाने मला दाखवलं, तू जाऊ नकोस. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, असं सांगणारे तेव्हाही होते, आता तर फारच झालेत, प्रत्येकाला देव रोज फोन करतो. बाईंनी त्यांच्या सगळ्या वर्षांत कुणाला असं सांगितल्याचं मी ऐकलं नाही. त्या म्हणाल्या, "मला काही दाखवलेलं नाही. स्तोत्रात पावलांपुरता दिवा म्हटलंय, हायवेचे दिवे नाही म्हटलेले. आजच्या पावलाला काय दिसतंय? आयटीआयच्या फॉर्मची तारीख दिसतेय." फॉर्म त्यांनीच आणून ठेवला होता. टर्नर ट्रेडला नंबर लागला. आज एमआयडीसीत माझं छोटं शॉप आहे, दोन सीएनसी, सात पोरं कामाला, एवढं सांगून टाकतो कारण 'सध्या काय करता' हे संपादकांनी विचारलंय.

निकालाच्या आधी बाई आम्हा सात-आठ जणांना केडगावला घेऊन गेल्या होत्या. आपलं नगरचं केडगाव नव्हे, दौंडच्या पुढचं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. नगरहून दौंड, दौंडला गाडी बदलून केडगाव, बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आम्हाला वाटलं सहल. बाईंनी तिथेही वजाबाकी काढली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर हातात घेतलं, साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत, वर्षानुवर्षं ते काम चाललं, छपाईसुद्धा तिथल्याच बायकामुलींच्या हातची. जिच्यावर सगळी भिस्त ती मुलगी मनोरमा १९२१ ला गेली. रमाबाई स्वतः १९२२ च्या एप्रिलमध्ये. आणि पूर्ण बायबल छापून बाहेर आलं १९२४ ला. "बाईंनी ते बांधलेलं पुस्तक हातात धरलंच नाही," आमच्या बाई म्हणाल्या, आणि पुढे काही बोलल्या नाहीत, दशम्या वाटायला लागल्या. त्या दिवशी मला भूक जास्त लागली होती. ती गोष्ट पोचली पुष्कळ नंतर.

वडील आले डिसेंबर १९९५ मध्ये. म्हणजे वजाबाकी करायची तर बारा वर्षं.

गंमत बघा, त्यांना गावी जायची लाज वाटली. माझा एकच पत्ता त्यांना माहीत होता, शाळेचा. भिवंडीहून एसटीने आले, गेटवर विचारलं की माझा मुलगा इथे बोर्डिंगला होता. वॉचमनने काय करावं? बाई रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, पण ज्याचं काय करायचं कळत नाही त्याला बाईंकडे पाठवायचं ही शाळेची जुनी पद्धत, त्याने पाठवलं. बाईंनी चहा केला आणि शेजारच्या पोराला सायकलवर माझ्या कंपनीत धाडलं. मी धापा टाकत पोचलो. खुर्चीच्या काठावर एक माणूस बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, नखांत पॉवरलूमचं काळं, बशीतला चहा तसाच.

"तेवीस," बाई म्हणाल्या, "बघ कोण आलंय."

इथे लोकांना रडारड अपेक्षित असते. तसं काही झालं नाही. मी म्हणलं, चला. ते म्हणाले, चल. निघताना मी बाईंना विचारलं, आता माझी ओळ बंद करणार ना? बाईंनी माझ्याकडे मी भागाकार चुकल्यावर बघायच्या तसं बघितलं. "आत्ता? आता तर खरी गरज आहे. तुझ्या आईला काय सांगणार आहेस?"

आणि बाई बरोबर होत्या. आई कित्येक महिने वडलांशी बोलली नाही. ताट वाढायची, पण शब्द नाही. तिनेही बारा वर्षं प्रार्थना केली होती, उपास केले होते, आणि माणूस समोर आल्यावर तिच्या मनात काय पेटलं असेल ते मला पुरुष म्हणून सांगता येणार नाही. वडलांनी कधीच सांगितलं नाही की पत्र का टाकलं नाही. खोकला घेऊन आले होते, दवाखाना चालू झाला. मंडळीतून निरोप आला की ही मोठी साक्ष आहे, बाईंनी नाताळच्या उपासनेत उभं राहून सांगावी. बाईंनी साफ नाही म्हटलं. "साक्ष द्यायची की नाही ते त्याची आई ठरवेल. तिला वाटेल तेव्हा." आईने कधी दिली नाही. पण पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात एकदा मी घरी गेलो तर दोघं ओट्यावर बसून शेंगा फोडत होते आणि आई त्यांना रागावत होती, फोलपटं भलतीकडे टाकता म्हणून. मी लगेच नगरला येऊन बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "रागावली ना? छान."

वडील २००३ ला गेले. बाई २०११ ला. बाईंच्या प्रेतयात्रेत निम्मी माणसं मंडळीतली नव्हती, हे नगरमध्ये ज्यांनी बघितलं त्यांना माहीत आहे.

मागच्या महिन्यात निमंत्रण आलं म्हणून मुद्दाम शाळेत चक्कर मारली. बोर्डिंगच्या जागी पार्किंग आहे. पंपावरचा लिंब गेला. हजेरी आता टॅबवर लागते, पोरं चांगली आहेत, मला 'सलाम अंकल' म्हणाली. सकाळची भक्ती स्पीकरवर होते, वर्गात बसूनच, दहा मिनिटांत. शाळा चालवणाऱ्यांच्या अडचणी मला माहीत नाहीत त्यामुळे बोलत नाही. फक्त लिंब तोडायला नको होता.

बाईंच्या मागे कपाटात असे हजेरीपट गठ्ठ्याने निघाले. त्यांच्या भाचीने जे आले त्यांना एकेक देऊन टाकला. माझ्या वाट्याला १९९१ चा आला, त्यात मी आहे, शाळा सोडून पाच वर्षं झाली तरी जुन्या पोरांसाठी मागची पानं होती, आणि २३ पुढे वडीलच लिहिलेलं आहे. फेब्रुवारीत सलग सहा गै आहेत, बाई तेव्हा टायफॉइडने पडल्या होत्या. टायफॉइडचेही गै त्यांनी स्वतःला माफ केले नाहीत. आता माझ्या मुलीचं लग्न होऊन आठ वर्षं झाली, तिच्यासाठी मी एक हजेरीपट चालू केलाय, स्टेशनरीच्या दुकानात अजून तसलाच निळा मिळतो. माझ्या फेब्रुवारीत अकरा गै आहेत आणि मला टायफॉइडही नव्हता.

एक विनंती आहे, त्यासाठीच खरं तर हे लिहिलं. १९८४ चा हजेरीपट कुणाकडे गेलाय ते कळत नाही. ज्याच्याकडे असेल त्याने कृपा करून कार्यक्रमाला घेऊन यावा, मला तो ठेवायला नको, ऑगस्टचं पान एकदा बघायचंय. मी पुढच्या रांगेत नसेन, मागे चहाच्या टेबलापाशी सापडेन. नाव नाही आठवलं तर तेवीस म्हणून हाक मारा.