पावसातला चिरा

गोव्यातल्या साफा मशिदीचे फोटो खरं तर मे महिन्यातच काढून ठेवलेले, निळं आकाश, कडक ऊन, अगदी कॅलेंडरवर शोभतील असे. विकी लव्हज मॉन्युमेंट्स या विकिपीडियावाल्यांच्या जुन्या वास्तूंच्या फोटोस्पर्धेत फोटो आपला पाहिजे, कधीही काढलेला चालतो, अपलोड तेवढा सप्टेंबरात करायचा, म्हणजे घरबसल्या काम झालं असतं. तरी चवथ आटपल्यावर छत्री घेऊन फोंड्याला गेलोच, साफा मशिदीत.

कारण मशीद चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, आणि उन्हाळ्यातला चिरा आणि पावसातला चिरा हे दोन वेगळे दगड वाटतात मला. मेमध्ये भाजलेल्या विटेसारखा कोरडा. चार महिने पाणी पिऊन तोच काळपट लाल होतो, भोकाभोकांत शेवाळ धरतं आणि मशिदीच्या तळीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या कुंडाच्या, बाजूंना ज्या मेहराबीच्या आकाराच्या छोट्या खोल्या आहेत ना, त्यांच्या कडा एकदम उठून दिसतात. 1560 सालची मशीद, आदिलशाहीतली, म्हणजे एवढे पावसाळे तिने काढलेत आणि आपण तिला दाखवणार कायम उन्हातच!

मावशीने विचारलं, पैसे किती मिळतात? म्हटलं, काहीच नाही, फोटो कुणीही वापरू शकतो, विकूही शकतो, फक्त माझं नाव द्यायचं आणि फोटोत बदल केले तर तेही असेच सगळ्यांना मोकळे ठेवायचे.

"म्हणजे कोणी कॅलेंडर छापून विकलं तरी तुला काय ना?"

"काय ना."

"पिसो मरे तू!"

असेन. पण जुन्या गोव्यातला सांत आगुस्तीन चर्चचा मनोरा 1931 मध्ये निम्मा कोसळला, तेव्हापासून मला साधा, सरळ, अख्खी भिंत दाखवणारा फोटोही महत्त्वाचा वाटतो (तेव्हापासून म्हणजे मी वाचलं तेव्हापासून, एवढा म्हातारा नाही मी).

तर तळीपाशी आलो, लेन्सवरचं पाणी शर्टाने पुसून अजूनच फासून ठेवलं, परत रुमालाने पुसलं, आणि बघतो तर फ्रेमच्या मधोमध पाठमोरे एक काका, काळी छत्री घेऊन पायरीवर उभे. म्हटलं जातील, थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, हलेचनात. शेवटी त्यांनीच वळून विचारलं, "जालो मरे फोटो? तू काडटा म्हणून हांव हालूंक ना."

छत्रीवाला फोटोच अपलोड केला. तळी केवढी आहे ते त्यांच्यामुळेच कळतं.