काडतूस आधी ठरलं, गोळी नंतर

बोलताना आपण सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतो. खरं तर पुंगळी, दारू पेटवणारा प्रायमर, दारू आणि टोकाचा धातूचा तुकडा मिळून काडतूस होतं; गोळी म्हणजे फक्त तो तुकडा. जनावरापर्यंत पोचतो तोच. मूस या उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या अवाढव्य हरणाच्या माझ्या पहिल्या शिकारीची तयारी करताना माझं लक्ष मात्र कितीतरी दिवस काडतुसावरच होतं.

मूस म्हणजे चार-पाचशे किलोचं धूड, म्हणून मी .३०० विंचेस्टर मॅग्नम हे जोरदार काडतूस धरून बसलो होतो. १८० ग्रेनची, म्हणजे साधारण ११.७ ग्रॅमची गोळी ते सेकंदाला ९०० मीटरच्या वेगाने फेकते. जुनं .३०-०६ काडतूस तीच गोळी ८२० मीटरने. कागदावर निवड सोपी होती. मॅग्नमच्या सरावाला सोबत आलेल्या अनुभवी मित्राने मला न सांगता जिवंत काडतुसांत एक नकली मिसळलं. चाप ओढला, नुसता ‘टक्’ आवाज झाला आणि नळीचं तोंड खाली झुकलेलं मला स्पष्ट दिसलं. बंदुकीच्या धक्क्याच्या भीतीने मी बार उडण्याआधीच दचकत होतो! अशा हाताने जनावरावर नेम धरणं मला पटेना. जखमी होऊन पळालेलं जनावर रात्रभर तडफडतं. मी .३०-०६ घेतलं आणि २०० मीटरपलीकडे बार टाकायचा नाही असं ठरवलं.

मग गोळी. साध्या शिसं-तांब्याच्या हलक्या गोळ्या जवळच्या अंतरावर, वेग जास्त असताना, खांद्याच्या हाडावर फुटून वरच्यावर राहू शकतात. अमेरिकन शिकारी जॉन नॉस्लर यांना १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात हाच अनुभव आला. चिखलाने माखलेल्या मूसमध्ये त्यांच्या गोळ्या खोल गेल्याच नाहीत. त्यातून ‘पार्टिशन’ गोळी जन्मली. तिच्या मध्ये तांब्याची आडवी भिंत असते : पुढचा भाग छत्रीसारखा उमलतो, मागचा शाबूत राहून आत घुसत जातो.

मी शेवटी पूर्ण तांब्याची १६५ ग्रेनची गोळी घेतली. ती जवळजवळ सगळं वजन राखते, म्हणून थोडी हलकी चालते. शिवाय मांस घरी खायचं होतं आणि शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब पसरतात. मात्र तांबं कडक. वेग फार उतरला तर ती नीट उमलत नाही. माझी २०० मीटरची मर्यादा इथेही कामी आली. गोळी बदलली की मारा सरकतो, त्यामुळे बंदुकीवरची दुर्बीण पुन्हा जुळवावी लागली. दोन कंपन्यांची काडतुसं आणली होती. वजन तेच, पण माझ्या नळीला एकच मानवलं : १०० मीटरवर तीन बार, तिन्ही भोकं दोन बोटांत.

मूस १२० मीटरवर आडवा उभा राहिला. खांद्यामागे, दोन्ही फुप्फुसांतून. तीसेक पावलं चालला आणि बसला. पलीकडच्या बाजूला स्वच्छ भोक होतं. गोळी किती उमलली ते पाहायची फार इच्छा होती, पण ती आरपार जाऊन मातीत हरवली होती.